देणगीत मिळालेली १६ इंची दुर्बीण: पाया खणण्याआधी आणि नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका हौशी खगोल मंडळाला १६ इंची (४०० मिमी) एफ/५ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियन, म्हणजे आरशांची, दुर्बीण देणगीत मिळते आहे. सोबत जुना जर्मन इक्वेटोरियल माउंट आहे, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारी दोन अक्षांची बैठक: एक ध्रुवाकडे रोखलेला ध्रुवीय अक्ष, दुसरा त्याला काटकोनातला क्रांती अक्ष. दुर्बीण बरीच वर्षं झाकून ठेवलेली आहे. मंडळाकडे जागा आहे, हात लावायला माणसं आहेत, आणि पाया कुठे व किती खोल घ्यायचा, खांब (पिअर) किती उंच ठेवायचा, वर घुमट करायचा की सरकतं छप्पर, हे त्यांना ठरवायचं आहे.

पायाचा आकार पुढे दिला आहे, पण तो आज खणू नका. देणगीतल्या मोठ्या दुर्बिणी खोक्यांतच पडून राहतात त्यामागे बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. काँक्रीट आधी ओतलं जातं. मग कळतं की माउंटच्या तळपट्टीची भोकं बोल्टांना जुळत नाहीत, अक्ष तुमच्या अक्षांशाला झुकत नाही किंवा दोन काउंटरवेट (नळीचा तोल सांभाळणारी वजनं) जुन्या जागीच राहिली. म्हणून आधी दुर्बीण जमिनीवर पूर्ण जोडायची, तारा पाहायचा, मापं घ्यायची, आणि त्या मापांवरून पाया काढायचा.

सुरुवात देणगीदाराच्या घरूनच करा. काहीही सोडवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावा, प्रत्येक भागाचे स्क्रू त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवा. जुन्या माउंटवर मेट्रिक आणि इंची आटे एकत्र सापडतात, त्यामुळे एक बोल्ट हरवला तर बदली मिळवायला महिने जाऊ शकतात. काउंटरवेटचा दांडा, त्याच्या टोकाची सुरक्षा चकती, नळीच्या कड्या, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), मोटारीचा नियंत्रक, वीजपुरवठा आणि जुनी कागदपत्रं यांची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. त्याच कागदावर मालकी कोणाची, मंडळ बंद पडलं तर दुर्बीण कुठे जाईल, आणि मंडळाला ती विकता किंवा बदलता येईल का हेही लिहून घ्या. 'कधीच विकायची नाही, काही बदलायचं नाही' अशी अट असेल तर मोकळेपणाने बोला. तीस वर्षांपूर्वीचा नियंत्रक जपण्याची सक्ती कोणाच्याच उपयोगाची नसते.

उतरवताना नळी आधी, काउंटरवेट नंतर, माउंटचं डोकं शेवटी. चढवताना नेमकं उलट: डोकं, वजनं, मग नळी. वजनं आधी काढली आणि नळी वर राहिली तर अक्ष धरून ठेवणारा क्लच सैल होताच ४०-५० किलोची नळी खाली झेपावते. ती हाताने थोपवता येत नाही आणि बोटं सापडतात. अक्षांच्या क्लचवर विसंबू नका. वजनाचा दांडा सरळ खाली, नळी वर, अशा स्थितीत सोडवायला घेतलं की नळी निघाल्यावर वजनं आणखी खाली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

मुख्य आरसा नळीतून काढून वेगळा न्या. ४०० मिमी व्यासाचा, ५० मिमी जाडीचा बोरोसिलिकेट आरसा सुमारे १४ किलोचा असतो. एका माणसाला उचलता येतो, म्हणूनच घसरतो. दोघांनी उचला, अंगठ्या-घड्याळं काढून. काढण्याआधी आरशाच्या कडेवर आणि सेलवर (आरसा बसतो ती चौकट) पेन्सिलीने समोरासमोर खूण करा, म्हणजे परत बसवताना तो त्याच कोनात बसेल. खोक्यात फोमवर सपाट, परावर्तक बाजू वर, आणि झाकण पृष्ठभागापासून किमान ३ सेंमी वर. दुय्यम आरसाही काढा. प्रवासातल्या धक्क्यांनी तो निसटून पडला तर सगळा खेळ संपतो.

आता कोटिंग. जुना आरसा पाहून लोक घाबरतात आणि लगेच नवीन ॲल्युमिनियम चढवायला निघतात. जरा हिशेब करा. नव्या साध्या कोटिंगची परावर्तकता साधारण ८८ टक्के, म्हणजे दोन आरशांनंतर ७७ टक्के प्रकाश उरतो. दोन्ही आरसे ७५ टक्क्यांवर उतरले असतील तर ५६ टक्के. हा फरक सुमारे ०.३५ प्रतीचा (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचं माप) आहे, म्हणजे ४० सेंमीची दुर्बीण ३४ सेंमीसारखी वागते. नुकसान आहे, पण पहिल्या वर्षी सहन होण्यासारखं. आरशामागे दिवा धरून पुढून पाहा. सुईच्या टोकाएवढी भोकं विखुरलेली दिसली तर चालवून घ्या. पट्टेच्या पट्टे उडालेले असतील, कडेपासून पापुद्रे सुटत असतील किंवा धुतल्यावरही पांढरट धूसरपणा जात नसेल, तर मात्र कोटिंगला पाठवा. काचेच्या कडेचा छोटा टवका निरुपद्रवी असतो. त्यावर काळा मॅट रंग लावला की झालं.

धुण्याची रीत अशी. आधी नळाच्या कोमट पाण्याची संथ धार सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. मग टबात, तळाशी टॉवेल घालून, आरसा पाण्याखाली ठेवा. त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. शुद्ध कापसाचा बोळा पाण्याखालीच, फक्त स्वतःच्या वजनाने, एका दिशेने ओढा. दाबायचं नाही, आणि एक बोळा एकदाच वापरायचा. शेवटची धुलाई दोन-तीन लिटर डिस्टिल्ड पाण्याने, कारण नळाचं पाणी वाळताना क्षारांचे डाग सोडतं. नंतर आरसा जवळजवळ उभा टेकवून निथळू द्या आणि राहिलेले थेंब टिपकागदाच्या टोकाने टिपा. पुसू नका. वर्षानुवर्षांची बुरशी कोटिंगमध्ये उतरलेली असेल तर ती अशी जात नाही, आणि घासून काढायला गेलात तर कोटिंग जातं. एकदा धुतलं की पुन्हा दोन-तीन वर्षं हात लावायची गरज नसते.

आरसा बाहेर आहे तोवर सेल तपासा. या आकाराच्या आरशाला ९ किंवा १८ बिंदूंचा आधार लागतो. आधाराचे त्रिकोण मोकळे डुलतात का, गंजून अडकलेत का, बोटाने हलवून पाहा. पुढच्या क्लिपा आरशाला टेकलेल्या नसाव्यात. मधून जाड कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. क्लिपा आवळल्या की तारे त्रिकोणी दिसतात आणि मंडळी आरशाला दोष देत बसतात. उलट, कडेचे आधार फार सैल असतील तर इक्वेटोरियल माउंटवर नळी फिरताना आरसा इकडून तिकडे घसरतो आणि मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, मध्यमंडल) ओलांडताच कॉलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) बिघडतं. डॉब्सोनियनमध्ये (वर-खाली आणि आडवी फिरणारी साधी बैठक) आरसा नेहमी एकाच कडेवर टेकतो, त्यामुळे तिथे हा दोष लपून राहतो. इथे लपत नाही.

माउंटच्या बाबतीत तीन गोष्टी आधी पाहा: ग्रीस, मोटार आणि अक्षांश.

ग्रीस वर्षानुवर्षं पडून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. वर्म (मळसूत्री दांडा) आणि वर्मचाक (तो फिरवतो ते दातेरी चाक) उघडून रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटने धुवा, मऊ ब्रशने दात साफ करा, मग लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. क्लचच्या घर्षण पट्ट्यांना ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नका. वर्म परत बसवताना तो चाकात घट्ट दाबायचा मोह होतो. संपूर्ण चाक हाताने एकदा फिरवून जिथे सर्वात जड जातं, तिथे मोकळीक जुळवा. नाहीतर ९० अंशांवर छान चालणारा माउंट २७० अंशांवर अडतो आणि मोटार गुरगुरते.

मोटार जुनी सिंक्रोनस असेल तर तिचा वेग घरच्या विजेच्या वारंवारितेवर ठरतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटार ५० हर्ट्झवर १६.७ टक्के हळू चालते. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, म्हणजे दर सेकंदाला अडीच विकलांची चूक. २०० पट वर्धनाला मधोमध ठेवलेला ग्रह तीनेक मिनिटांत कडेला जातो. व्होल्टेज बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने हे सुधारत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर वारंवारिता बदलत नाही. एक तर वारंवारिता ठरवता येणारा छोटा इन्व्हर्टर लावा, नाहीतर दोन स्टेपर मोटारी आणि ऑनस्टेपसारखा मुक्तस्रोत नियंत्रक बसवा. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. ३६० दातांच्या वर्मचाकावर वर्म साधारण चार मिनिटांत एक फेरी घेतो, आणि तेवढ्याच आवर्तनाने येणारी चूक नियंत्रकात नोंदवून कमी करता येते. शिवाय दुर्बीण दुसऱ्या गोलार्धातून आली असेल तर मोटारीची दिशा उलटी करावी लागते. स्टेपरला ते एका सेटिंगचं काम आहे.

अक्षांशाचा मुद्दा सर्वात जास्त विसरला जातो. ध्रुवीय अक्ष क्षितिजाशी तुमच्या अक्षांशाएवढा कोन करतो. ४० अंशांसाठी ओतलेला, पक्का कोन असलेला माउंट २० अंशांवर न्यायचा तर खाली २० अंशांचा पाचर-ठोकळा लागतो. त्यात वजन तळपट्टीच्या एका बाजूला सरकतं आणि मागचे बोल्ट सतत ओढीखाली राहतात. कोन बदलणारा माउंट असला तरी त्याची खालची मर्यादा पाहा. कमी अक्षांशावर आणखी एक अडचण येते: वजनाचा दांडा खाली झुकल्यावर पिअरलाच आपटतो. उपाय म्हणजे पिअरचा वरचा भाग निमुळता करणे किंवा माथ्याची पट्टी ध्रुवाच्या दिशेने पुढे काढणे. हे जमिनीवर जोडताना दिसलं तर वेल्डरचं तासाभराचं काम, पिअर उभा राहिल्यावर दिसलं तर डोकेदुखी.

आणि माउंट खरंच गेला असेल, म्हणजे वर्मचाकाचे दात झिजलेत, बेअरिंगात हलतंय, तर तो वाचवण्यात दोन वर्षं घालवू नका. नळी आणि आरसे चांगले असतील तर प्लायवुडची डॉब्सोनियन बैठक करा. लॅमिनेटवर टेफ्लॉनचे तुकडे, बस्स. तुमचा उपयोग मुख्यतः लोकांना आकाश दाखवण्याचा असेल तर ते कमीपणाचं मानू नका. छायाचित्रण करायचं असेल तरच इक्वेटोरियलचा हट्ट धरण्यात अर्थ आहे.

जमिनीवरची जोडणी तात्पुरत्या लोखंडी स्टँडवर, फरशीवर करा. आधी क्रांती अक्षाचा तोल: नळी आडवी ठेवून कड्यांत पुढे-मागे सरकवायची, फाइंडर आणि सर्वात जड आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावूनच. मग ध्रुवीय अक्षाचा: दांडा आडवा ठेवून वजनं सरकवायची. नळी ५० किलोची आणि तिचा मध्य ध्रुवीय अक्षापासून ३८ सेंमीवर असेल तर १९०० किलो-सेंमी झाले. वजनं ४२ सेंमीवर बसत असतील तर सुमारे ४५ किलो लागतील. दांड्यावर आणखी एका वजनाची जागा शिल्लक ठेवा, कारण पुढे कॅमेरा येतो. न्यूटोनियनमध्ये फोकसर (आयपीस धरून पुढे-मागे करणारा भाग) एका बाजूला लोंबतो. त्यामुळे आडव्या नळीत जमलेला तोल नळी उभी केल्यावर सुटतो. फोकसरच्या विरुद्ध बाजूला फाइंडर किंवा छोटं वजन लावून तो सांभाळावा.

त्याच रात्री ताऱ्यावर रोंची जाळी (बारीक समांतर रेषांची पट्टी) लावून पाहा, मिलिमीटरला ४ रेषांची पुरते. फोकसजवळ पट्टे सरळ दिसले तर आरसा चांगला. ते फुगीर किंवा कंबर आवळलेले दिसले तर आरशाला निवायला वेळ द्या आणि पुन्हा पाहा. ५० मिमी जाड आरसा निवायला दीड-दोन तास घेतो. मागे १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा रबरावर टांगला तर वेळ बराच कमी होतो. दोन तासांनंतरही पट्टे वाकडेच असतील, तर काचेचाच दोष आहे आणि मंडळाने किती खर्च करायचा हा निर्णय त्यानुसार बदलायला हवा. म्हणूनच ही परीक्षा काँक्रीटच्या आधी.

जागा निवडताना गच्चीचा विचार येतोच. जमीन उपलब्ध असेल तर जमीनच घ्या. स्लॅबच्या मधोमध उभा केलेला पिअर पावलागणिक हलतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम हवा सोडत राहतो. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर पिअर थेट कॉलमच्या डोक्यावर घ्या, माणसांसाठी वेगळी लाकडी फळी-जमीन उचलून घ्या, ती पिअरला कुठेही टेकू देऊ नका, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. दुर्बीण, माउंट, वजनं आणि वाळूभरला पिअर मिळून अडीचशे किलोंच्या आसपास जातात. वीस माणसं १३०० किलोंची असतात. इंजिनिअरला गर्दीचा आकडाही सांगा.

जमिनीवर पाया १ मीटर × १ मीटर, खोली १.२ मीटर. भर घातलेली किंवा काळी, फुगणारी माती असेल तर घट्ट थर लागेपर्यंत खाली जा. काँक्रीट १:१.५:३, आत १२ मिमी सळईची जाळी, तळाला आणि माथ्याला. हा ठोकळा सुमारे २.९ टनांचा होतो. सभोवतालच्या फरशीचं काँक्रीट पायापासून २५ मिमी अंतर ठेवून ओता आणि फटीत फोम भरा. गवंडी ही फट सिमेंटने 'नीट' बुजवून टाकतो, म्हणून त्या दिवशी कोणीतरी तिथे उभं राहा. फट बुजली की प्रत्येक पाऊल आयपीसमध्ये दिसतं.

अँकर बोल्ट एम२०, खाली वळवलेले, किमान ४५ सेंमी आत. ते १८ मिमी प्लायवुडच्या साच्यात अडकवूनच काँक्रीटमध्ये सोडा, आणि साच्याची भोकं पिअरची तळपट्टी प्रत्यक्ष वर ठेवून पाडा. कागदावरच्या मापाने पाडू नका. प्रत्येक बोल्टवर तळपट्टीखाली एक नट व वर एक नट ठेवला की पातळी जुळवता येते. पातळी जुळल्यावर पट्टीखालची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. नुसत्या नटांवर उभा पिअर डुलतो. क्युरिंग किमान सात दिवस, वजन चढवायला २८ दिवस थांबणं उत्तम.

पिअरसाठी २५० मिमी व्यासाचा, ६ मिमी जाडीचा पोलादी पाइप घ्या. पाइपचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो, भिंतीच्या जाडीने मात्र सरळ प्रमाणात. म्हणून १५० मिमीचा जाडजूड पाइप घेण्यापेक्षा २५० मिमीचा पातळ बरा. उंची अर्धी केली तर वाक आठपटीने कमी होतो. आत कोरडी वाळू भरा. ताठपणा तिने फारसा वाढत नाही, पण कंपनं लवकर विरतात. तपासणी सोपी आहे: २०० पट वर्धनाला नळीवर टिचकी मारा, प्रतिमा दोन सेकंदांत स्थिर झाली पाहिजे.

उंची ठरवताना लोक पिअर उंच करतात, भिंतीवरून क्षितिज दिसावं म्हणून. न्यूटोनियनला हे महागात पडतं, कारण आयपीस नळीच्या वरच्या टोकाला असतो. या दुर्बिणीत अक्षांच्या छेदबिंदूपासून फोकसर १.०५ मीटर वर येतो असं धरा. छेदबिंदू १.६ मीटरवर असेल तर डोक्यावरचा तारा पाहायला डोळा २.६५ मीटरवर न्यावा लागतो. १.३ मीटरवर असेल तर २.३५. अंधारात शिडीच्या दोन पायऱ्या कमी झाल्या. नळीचं खालचं टोक छेदबिंदूपासून ७५ सेंमी खाली येत असेल तर १.३ मीटरला जमिनीपासून ५५ सेंमी मोकळी जागा उरते, ती पुरे. माउंटचं डोकं ४० सेंमी उंच असेल तर पिअर ९० सेंमी. हे आकडे तुमच्या जमिनीवरच्या जोडणीतून येतील, माझे उतरवू नका. नळी कड्यांत फिरवता आली पाहिजे, नाहीतर आकाशाच्या काही भागांत आयपीस नळीच्या वर किंवा खाली जातो. वरच्या कडीच्या पुढे नळीलाच घट्ट बसवलेली एक जास्तीची कडी ठेवा, म्हणजे फिरवताना नळी खाली घसरणार नाही.

बोल्टांची मांडणी खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर हवी, कारण माउंटचा दिगंश स्क्रू (अक्ष डावी-उजवीकडे वळवणारा) बहुधा काही अंशच फिरतो. होकायंत्रावर विसंबू नका. चुंबकीय उत्तर वेगळी असतेच, शिवाय खड्ड्यातल्या सळया सुई खेचतात. ओळंब्याची सावली वापरा. त्या जागेच्या रेखांशासाठी सूर्याच्या मध्यमंडल-लंघनाची (तो नेमका उत्तर-दक्षिण रेषेवर येण्याची) वेळ तारांगण सॉफ्टवेअरवरून काढा आणि त्या क्षणी सावलीवर खिळे ठोका. उष्ण कटिबंधात दिवस निवडून घ्या. मध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून ४० अंशांवर असेल तर घड्याळाच्या एका मिनिटाच्या चुकीने दिशा ०.४ अंश चुकते. तो ५ अंशांवर असेल तर एका मिनिटात २.७ अंश, आणि सावलीही वीतभर उरत नाही.

पाया ओतण्याआधी त्यातून दोन पाइप सोडा, एक विजेचा आणि एक डेटा वायरींचा, आत ओढदोर घालून. नंतर फरशीवरून नेलेली वायर कोणाच्या तरी पायात येणारच.

माउंट आणि नळी चढवायला तिकाटणे आणि अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक आणा. सहा जणांनी हातांनी उचलणं शक्य असतं, पण बोल्टची भोकं जुळवताना तेवढा वेळ कोणी धरून ठेवू शकत नाही. पट्टा माउंटच्या डोक्याच्या ओतीव भागाभोवती घाला, क्रांती अक्षाच्या दांड्याला नाही.

कॉलिमेशन नळी आडवी ठेवूनच करा, म्हणजे हातातला पाना किंवा सुटलेला दुय्यम आरसा मुख्य आरशावर पडणार नाही. मुख्य आरशाच्या मध्यावर छोटी कडी चिकटवा. तो भाग दुय्यम आरशाच्या सावलीत असल्याने प्रतिमेचं काही जात नाही. क्रम असा: दुय्यम आरसा फोकसरखाली मधोमध, मग त्याचा कल मध्यखुणेकडे, मग मुख्य आरशाचा कल. लेसर वापरणार असाल तर आधी लेसरच तपासा. तो व्ही-आकाराच्या खाचेत फिरवल्यावर पाच मीटरवरच्या भिंतीवरचा ठिपका जागचा हलता कामा नये. एफ/५ ला कोमाशिवायचं (तारे शेपटीसारखे ओढलेले न दिसणारं) क्षेत्र जेमतेम पावणेतीन मिमी व्यासाचं असतं, त्यामुळे शेवटची जुळणी ताऱ्यावरच होते.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे, त्यामुळे तो मधोमध घेणं ही केवळ सुरुवात. भिंतीमागे दडला असेल तर त्याचीही गरज नाही, ड्रिफ्ट पद्धत (तारा कुठे सरकतो ते पाहून अक्ष जुळवणे) पुरते. रेषा आखलेला आयपीस लावा. नळी किंचित उत्तरेकडे ढकलली की तारा ज्या बाजूला जातो ती दृष्टिक्षेत्रातली दक्षिण. उत्तर गोलार्धात, मध्यमंडल आणि खगोलीय विषुववृत्त यांच्या जवळचा तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्व क्षितिजाजवळचा तारा घ्या: दक्षिणेकडे सरकला तर अक्ष फार खाली, उत्तरेकडे सरकला तर फार वर. अक्ष एक कला (६० विकला) चुकला तर पाच मिनिटांत सुमारे १.३ विकला सरक दिसते. नुसतं पाहण्यासाठी पाच कलांपर्यंत आणलं की थांबा. छायाचित्रणासाठी पुढे जा. दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून दिगंश, उंची, पुन्हा दिगंश असं फिरून यावं लागतं. शेवटचा बोल्ट आवळतानाही अक्ष हलतो. आवळून झाल्यावर पुन्हा तपासा.

छपराबद्दल माझं मत ठाम आहे: मंडळाला सरकतं छप्परच हवं. घुमट वारा आणि जवळचे दिवे अडवतो, पण आत चार माणसं मावतात आणि बाकीचे बाहेर रांगेत उभे राहतात. सरकत्या छपराखाली सगळ्यांना आकाश दिसतं. नळीचा फेरा आणि माणसाची जागा धरून खोली आतून ४.२ मीटर चौरस, भिंत १.८ मीटर. यात क्षितिजाजवळचे साधारण १३ अंश झाकले जातात, तिथे नाहीतरी पाहण्यासारखं फारसं नसतं. नळी आडवी करून ठेवल्यावर छपराचा सर्वात खालचा पाइप तिच्यापासून किमान १५ सेंमी वर जायला हवा. छपराच्या मोटारीला असा स्विच द्या की नळी ठरलेल्या जागी विसावल्याशिवाय ती चालूच होणार नाही. छप्पर वाऱ्याने उचललं जातं. चारही कोपऱ्यांना रुळाखाली अडकणारे आकडे आणि बंद स्थितीत टर्नबकल लावा. बाहेरून पांढरा रंग, आतून गडद मॅट.

बंद खोलीत दमटपणा हा आरशाचा शत्रू आहे. दुर्बीण प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं. सुती आच्छादन, नळीला दोन्ही टोकांना झाकणं, आत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि मुख्य आरशामागे १० ते १५ वॅटचा सौम्य हीटर पावसाळी दिवसांत चालू. वायुवीजनाच्या भोकांना बारीक जाळी, कारण गांधीलमाशी फोकसरच्या नळीत घर करते आणि उंदरांना डेटा वायरी आवडतात. पिअरला स्वतंत्र अर्थिंग द्या. पण वीज कडाडत असताना खरा उपाय प्लग हाताने काढून ठेवणे हाच आहे, आणि डेटा वायरही काढायला हवी.

आयपीस विकत घेताना ४० मिमीकडे जाऊ नका. एफ/५ ला त्यातून ८ मिमीचा प्रकाशझोत बाहेर येतो आणि डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. ३० मिमी (६७ पट), २० मिमी (१०० पट) आणि १० मिमी (२०० पट) यांवर मंडळाचं वर्ष निघतं.

लोकांसाठी शिडी रुंद पायऱ्यांची आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेली घ्या, चाकं असतील तर कुलूपवाली. शिडी दुर्बिणीला टेकवायची नाही. लहान मुलं पडू लागली की जे हाती येईल ते धरतात आणि ते बहुधा फोकसर असतं, त्यामुळे शिडीजवळ एक माणूस फक्त त्याच कामासाठी हवा. दिवसा छप्पर उघडं असेल तर नळीच्या आणि फाइंडरच्या तोंडाला झाकण हवंच. ४०० मिमीच्या आरशाने एकवटलेला सूर्य क्षणात डोळा जाळतो आणि नळीच्या आतल्या भागालाही आग लावू शकतो.

चावी कोणाकडे द्यायची याची परीक्षा ठेवा: तोल साधणे, वजन बदलणे, कॉलिमेशन, छप्पर बंद करण्याचा क्रम, हे दोघांसमोर करून दाखवेल त्यालाच एकट्याने दुर्बीण वापरता येईल. नोंदवहीत दर वेळी तारीख, कोण, काय बिघडलं हे लिहा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पिअरची पातळी आणि ध्रुवीय अक्ष पुन्हा मोजा, कारण नवा पाया पहिल्या वर्षात थोडा बसतो. तळपट्टीचे नट सहा महिन्यांनी एकदा पान्याने तपासा.